सौम्य अ‍ॅसिडवाले साहेब

९ मार्च १९८१, सोमवार. अ‍ॅसिडच्या कपाटातली जुनी लेबलं खरवडून नवी चिकटवायची होती. काम माझ्याच वाट्याला आलं, कारण लॅबमध्ये त्या दिवशी रजेवर नसलेली मी एकटीच. नवी लेबलं छापून आली होती, दोन रंगांत. तीव्र अ‍ॅसिडला लाल, सौम्य अ‍ॅसिडला पिवळं. सोबत नव्या मॅनेजरांची सूचना होती: लाल लेबलाच्या अ‍ॅसिडवर काम करणाऱ्यांनी कोपरापर्यंतचे हातमोजे घालावेत, पिवळ्याला साधी काळजी पुरे. आणि शिफ्ट सुटताना कामगारांचे हात बघण्याची पद्धत आता बंद करावी, त्यात वेळ जातो.

सल्फ्युरिकला लाल लावलं, नायट्रिकला लाल, हायड्रोक्लोरिकला लाल. खाली प्लास्टिकच्या कॅनमध्ये हायड्रोफ्लोरिक होतं. यादीत त्याच्यापुढे पिवळं लिहिलेलं होतं. मी पिवळं लेबल हातात घेतलं, मागे खळ लावली आणि तशीच थांबले. तेवढ्यात किसन हातगाडी घेऊन कॅन न्यायला आला. किसन चऱ्होलीचा, वाळूच्या टाकीवर काम करतो. आमच्याकडे नळाचे आणि पंपाचे ओतीव भाग येतात. त्यांच्या खाचाखोचांत साच्याची वाळू चिकटून बसलेली असते, ती काढायला पातळ केलेल्या हायड्रोफ्लोरिकची टाकी आहे. तिलाच सगळे वाळूची टाकी म्हणतात.

"हे पिवळं कशापायी, बाई?"

"सौम्य अ‍ॅसिड म्हणून."

"सौम्य म्हंजी?"

"कमी ताकदीचं."

किसनने कॅनकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. "नवी पोरं आलीत लातूरकडची," तो म्हणाला. "त्यांना वाचाय येतं. पन ती रंगच बघत्यात."

एवढं बोलून तो कॅन घेऊन गेला. लेबल माझ्या हातात वाळलं.

साहेब असते तर त्यांनी ते लेबल उजेडात धरून विचारलं असतं, "हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?"

साहेब म्हणजे आमच्या लॅबचे पहिले प्रमुख. भोसरीत आमच्या कारखान्याभोवती अजून ज्वारीची शेतं होती, तेव्हापासूनचे. उंच, जरा वाकलेले. मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. त्यांच्या चष्म्याच्या काचा अंधूक झालेल्या होत्या, कारण हायड्रोफ्लोरिकची वाफ काच खाते. लॅबची टाकीकडची खिडकीसुद्धा अशीच पांढुरकी झाली होती. सफाईवाल्या बाईला ते दर दिवाळीला सांगत, "ती खिडकी घासू नका. ती मळलेली नाही, खाल्लेली आहे." चष्मा बदला म्हटलं तर म्हणत, "दिसतं तेवढं." त्यांना फारसं दिसत नाही असा कामगारांचा समज होता. शिफ्ट सुटायच्या वेळी तो समज रोज खोटा ठरायचा.

मी १९६८ साली इथे लागले. त्याआधी शाळेत शिकवत होते. मुलाखतीला साहेब, एक पर्सोनेल ऑफिसर आणि कारखान्याचे एक भागीदार असे तिघे होते. साहेबांनी एकच प्रश्न विचारला. हायड्रोफ्लोरिक, हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक. ही चार अ‍ॅसिडं ताकदीच्या क्रमाने लावा.

इथे बरेच जण घसरतात. फ्लोरिन चौघांत सगळ्यात आक्रमक, म्हणून त्याचं अ‍ॅसिड सगळ्यात तीव्र असणार, असं वाटतं. खरं तर उलट आहे. अ‍ॅसिडची ताकद म्हणजे पाण्यात पडल्यावर ते आपला हायड्रोजन किती सहज सोडतं. आयोडिनची पकड ढिली, तो लगेच सोडतो, म्हणून हायड्रोआयोडिक सगळ्यात तीव्र. त्याच्या खाली हायड्रोब्रोमिक, मग हायड्रोक्लोरिक. फ्लोरिनने हायड्रोजन असा घट्ट धरलेला असतो की बहुतेक सुटतच नाही. म्हणून हायड्रोफ्लोरिक तळाला, एकटंच सौम्य. मी क्रम बरोबर सांगितला.

"यातल्या कशाला जास्त घाबराल?"

"हायड्रोआयोडिकला. सगळ्यात तीव्र आहे."

साहेबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "एक बांगडी देता का?"

पर्सोनेल ऑफिसर खुर्चीत सावरून बसले. "अहो साहेब, सवाष्ण बाई आहेत."

"मग राहू दे."

मी बांगडी काढून टेबलावर ठेवली. मला नोकरी हवी होती, आणि माणूस बांगडीचं काय करतो याची उत्सुकताही होती. त्यांनी ती फडक्यात धरून मोडली. एक तुकडा हायड्रोक्लोरिकच्या पेल्यात टाकला, एक हायड्रोफ्लोरिकच्या. दोन्ही पेले प्लास्टिकचे. जेवणाच्या सुट्टीनंतर मला वाफ ओढून घेणाऱ्या धुराड्याच्या कपाटापाशी बोलावलं. पहिला तुकडा होता तसा हिरवा, चकचकीत. दुसरा पांढुरका, सुतासारखा बारीक झालेला. चिमट्याने उचलला तर तुटला.

"तुमचा क्रम बरोबर होता," ते म्हणाले. "पूर्ण गुण. पण तो एकाच प्रश्नाचा क्रम आहे. पाण्यात हायड्रोजन कोण किती सोडतं? तेवढंच. हाताचं काय होईल हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर त्या रांगेत शोधू नका."

नंतर कळलं की माझ्याआधी आलेल्या दोघींनी बांगडी दिली नव्हती. मला त्यामुळे घेतलं की काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हा 'कोणत्या प्रश्नाचं' त्यांना जडलेला रोगच होता. कुणी काहीही पहिलं, मोठं, उत्तम म्हटलं की साहेब थांबवायचे. एक फिटर पेढे घेऊन आला होता. "पोरगा पहिला आला, साहेब."

"कशात?"

"वर्गात."

"ते कुठे आला झालं. कशात आला?"

फिटर गोंधळला. "सगळ्यात मिळून, साहेब. टोटल."

"म्हणजे गणितात?"

"गणितात तिसरा."

"बरं," म्हणून साहेबांनी पेढा घेतला, त्याच्या मुलाला आशीर्वादही सांगितला. बाहेर येऊन फिटर मला म्हणाला, "बाई, पेढा खायच्या आधी पंचनामा करतो हा माणूस."

खरेदी खातं त्यांच्यावर कायम वैतागलेलं असे. लॅबच्या कपाटात ते कॅल्शियमच्या इंजेक्शनच्या कुप्या ठेवायचे आणि मुदत संपली की न चुकता नव्या मागवायचे. खरेदीतले एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले होते, "साहेब, हा कारखाना आहे की बाळंतिणीची खोली?" साहेब म्हणाले, "कुप्या आल्या का?"

पण त्यांचं नाव झालं ते हात बघण्यावरून. शिफ्टचा भोंगा झाला की नळाजवळ स्टूल टाकून बसायचे. टाकीवर काम केलेल्या प्रत्येकाने हात धुऊन त्यांच्यासमोर यायचं. ते एकेक हात आपल्या हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवून नखं बघायचे, बोटांची टोकं दाबायचे. "ठणकतं? मुंग्या? नक्की?" मग पुढचा. लोक त्यांना ज्योतिषी म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

"साहेब, लग्नाचा योग कधी हाय?"

"नखं कापलीस तर याच वर्षी."

"परदेश प्रवास?"

"सांगवीपर्यंत दिसतोय. पुढचा."

हे ते न हसता म्हणायचे. रांग मात्र हसायची, आणि बस चुकते म्हणून शिव्याही द्यायची. एवढ्या आटापिट्यामागे काहीतरी घडलेलं असणार, असं सगळ्यांना वाटे. कुणी म्हणे त्यांचा भाऊ अ‍ॅसिडने गेला, कुणी म्हणे कॉलेजात असताना एक विद्यार्थी. मी एकदा सरळ विचारलं.

"काही घडलेलं नाही," ते म्हणाले. "वाचलं होतं."

"नुसतं वाचलं?"

"नीट वाचलं होतं."

मला हे उत्तर तेव्हा पुरलं. आजही पुरतं.

किसनचं प्रकरण मी लागल्यानंतर पाच-सहा वर्षांनी घडलं. किसन आधी प्लेटिंग खात्यात होता. तिथे भाग धुवायला हायड्रोक्लोरिकची टाकी असते. तिथल्या जुन्या माणसांची एक रीत होती. टाकीचा जोर बघायला दोन बोटं पटकन बुडवायची, अंगठ्यावर चोळायची आणि पाण्यात घालायची. कसं आणि किती झोंबतं त्यावरून टाकी अजून चालेल की नवं अ‍ॅसिड घालायचं ते ठरवायचं. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांचं काम उरकलेलं असे, आणि बहुतेक वेळा बरोबरही असे. मनाई होती, पण या कसबाचा त्यांना अभिमान होता. किसन त्यात तरबेज. त्याला वाळूच्या टाकीवर बदलून आठवडा झाला होता.

त्या दिवशी शिफ्ट सुटली तेव्हा किसन रांगेत नव्हता. दुसऱ्या दिवशी गावची यात्रा होती, घाटात बैलगाड्यांची शर्यत होती आणि त्याची बैलजोडी पळणार होती. आळंदीकडे जाणारा कंपनीचा ट्रक मिळाला म्हणून तो मागच्या फाटकाने निघून गेला होता. त्याच्या जोडीदाराचा हात साहेबांच्या हातात असताना तो जोडीदारच हसत म्हणाला, "साहेब, टाकी पार मेली बघा. किसनानं दुपारी बोटं घालून बघितली. म्हनला झोंबतच न्हाई, पाणी झालंय."

साहेबांनी त्याचा हात सोडला. "मोजे काढून?"

"मोजे घालून कळंल व्हय?"

साहेब उठले. मला म्हणाले, "बाई, कुप्या घ्या. आणि मॅग्नेशियाचा लेप." जीप मागायला ते स्वतः ऑफिसात गेले. ती बहुधा त्यांनी मागितलेली पहिली आणि शेवटची जीप.

चऱ्होलीत किसनच्या अंगणात पाच-सहा माणसं जमलेली होती. किसन बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. आम्हाला बघून उभा राहिला. "साहेब, बाई, आज हिकडं कुठं?"

"हात दाखव."

"ज्योतिषी घरपोच आले की, राव," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

किसनने हात पुढे केला. साहेबांनी पाहिला, मग मी पाहिला. डाग नाही, लाली नाही. तेलाने चकाकणारा धडधाकट हात.

"कोणती बोटं?"

"ही दोन. पन काय झालं न्हाई, साहेब. झोंबलंच न्हाई."

"म्हणूनच आलोय. चल, पिंपरीला दवाखान्यात जाऊ."

"उद्या बैलं हायत माजी. कासरा मीच धरतो. परवा येतो."

"परवा ती बोटं नसतील."

दारातून किसनची आई म्हणाली, "सणासुदीचं असं काय बोलता? दुखत न्हाई लेकराला, आन् तुमी दुखवाया आलाय व्हय?"

साहेबांनी वाद घातला नाही. गव्हाणीजवळच्या दगडावर बसले. "ठणकायला लागलं की सांग. मी आहे." मी किसनला बोटं धुवायला लावली आणि लेप लावला. तो त्याने माझा मान ठेवून लावून घेतला आणि लेपाची बोटं वर धरून दुसऱ्या हाताने तेल लावत राहिला. चहा आला. साहेबांनी घेतला नाही. ऊन उतरत चाललं होतं. एकाने बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "साहेब, ह्यो एक नंबर बैल हाय पंचक्रोशीत."

"कशात?"

"पळन्यात."

"नांगराला?"

किसनच म्हणाला, "न्हाई. नांगराला न्हाई चालत. वढत न्हाई, नुसता उधळतो. नांगराला तो तिकडचा."

तिकडे एक थोराड, मंद डोळ्यांचा बैल रवंथ करत होता. "तो शर्यतीत कितवा येईल?" साहेबांनी विचारलं.

"शेवटचा," कुणीतरी म्हणालं.

"शेवटचा म्हणून त्याची लाथ हलकी बसेल?"

किसनचा तेल लावणारा हात थांबला.

"तुझ्या जुन्या टाकीतलं अ‍ॅसिड पाण्यात पडताच फुटतं," साहेब म्हणाले. "म्हणून वरच्या वर कातडीला झोंबतं आणि तू हात काढून घेतोस. हे बहुतेक फुटत नाही. अख्खंच्या अख्खं कातडीतून आत जातं. सावकाश. आत हाड आहे, हाडात चुना आहे. ते चुना धरतं. आणि धरलं की सोडत नाही. पुस्तकात याला सौम्य म्हणतात, किसन. पुस्तक चुकलेलं नाही. पण ते तुझ्या बोटाविषयी बोलत नाहीये."

थोड्या वेळाने किसनने लेपाची बोटं जवळ घेतली आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली. मी ते पाहिलं. त्याच्या आईनेही पाहिलं.

"नखाखाली," तो म्हणाला. "मुंग्या आल्यागत."

आई आत गेली, त्याचा सदरा घेऊन आली. "धाकला धरंल कासरा," ती म्हणाली. "जा तू."

जीप दिघीच्या पुढे येईपर्यंत किसन पुढच्या दांडीवर कपाळ टेकवून बसला होता. तो रडणारा माणूस नव्हे. पिंपरीच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी बोटं पाहिली, टोकाशी जरा पांढुरकी दिसत होती. मलमाची ट्यूब काढली. साहेबांनी कॅल्शियमच्या कुप्या टेबलावर ठेवल्या. "हे बोटांच्या आत, नखाच्या भोवती टोचायचं. दुखायचं थांबेपर्यंत."

"अहो, हायड्रोफ्लोरिक ना? ते तर सौम्य अ‍ॅसिड आहे."

"पेपरात लिहा. पूर्ण गुण देतो," साहेब म्हणाले. "आता सुई भरा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून घ्या. पण लवकर."

मोठ्या डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी स्वतः येऊन टोचलं. बोटाच्या टोकात सुई घालणं बघवत नाही. मी किसनचं मनगट टेबलाला दाबून धरलं होतं, कारण कुणीतरी धरायला हवं होतं. पुन्हा पुन्हा टोचल्यावर एकदम त्याचा हात माझ्या हाताखाली सैल पडला. "थांबलं," तो म्हणाला.

मधल्या बोटाचं नखच गेलं, ते परत आलं. पहिल्या बोटाचं शेवटचं पेर काही वाचलं नाही, महिन्याभराने काढावं लागलं. हात राहिला. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने कासरा धरला आणि बैलं दुसरी आली. ही बातमी दवाखान्यात पोहोचली तेव्हा साहेबांनी 'कशात' असं विचारलं नाही. त्यांच्या बाबतीत हे नोंदवण्यासारखं आहे.

किसन कामावर परत आला त्या दिवशी रांगेत पहिला उभा होता. रांगेत कुणी थट्टा करेना. साहेबांनी त्याचं आखूड झालेलं बोट दाबून पाहिलं. किसनच म्हणाला, "साहेब, लग्नाचं बघा की जरा." मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं सुरू झालं.

साहेब १९७९ साली निवृत्त झाले. स्टूल मी घेतलं. मला ज्योतिषी कुणी म्हणत नाही, त्यांच्यासारखी उत्तरंही मला देता येत नाहीत. मी नखं बघते, टोकं दाबते आणि पुढच्याला बोलावते. गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. मी चिंचवडला त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या पत्नीने सांगितलं, निवृत्त झाल्यावर नवा चष्मा करून दिला होता, तो तसाच डबीत राहिला. मी चहा घेतला आणि निघाले. रडायला आलं नाही. बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की समोरच्या दांडीला धरलेल्या लोकांची नखं बघत मी उभी आहे.

वाळलेलं पिवळं लेबल घेऊन मी त्या सोमवारी दुपारी मॅनेजरांकडे गेले. माणूस वाईट नाही. नवा आहे आणि त्याला सगळं व्यवस्थित हवं आहे, ते मलाही हवं असतं.

"बाई, मी इंजिनियर," ते म्हणाले, "पण एवढी केमिस्ट्री मलाही येते. पुस्तक उघडून बघा. सौम्य अ‍ॅसिड."

"पुस्तक बरोबर आहे."

"मग अडतंय कुठे?"

"लेबल वाचणारा वेगळा प्रश्न विचारतो. मोजे घालू की नको?"

ते हसले. "तुम्ही त्या ज्योतिषीबुवांच्या तालमीतल्या. मी ऐकलंय."

"हो."

"असं अपवाद करत बसलो तर यादीला अर्थ काय राहिला?"

यावर बोलून उपयोग नव्हता. साहेबसुद्धा बोलले नसते, दगडावर बसून राहिले असते. मी म्हटलं, "उद्या सकाळी लॅबमध्ये येऊन जा. फार वेळ घेणार नाही. तोवर तो कॅन बिनलेबलाचा राहू द्या, आणि हात बघणं चालू राहू द्या."

त्यांनी डायरीत बघितलं. "येतो."

कामावर मी काचेच्या बांगड्या घालत नाही, टाकीच्या कडेला अडकतात. मंगळवारी सकाळी घालून गेले, हिरव्या. मॅनेजर सांगितल्या वेळी आले. किसन दारात उभा होता, त्याच्या मागे नव्या पोरांपैकी दोघे. मी एक बांगडी काढली, फडक्यात धरून मोडली, मग मोजे चढवले आणि धुराड्याच्या कपाटात हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिकच्या दोन प्लास्टिकच्या पेल्यांत एकेक तुकडा टाकला.

"अहो बाई, हे काय?" मॅनेजर म्हणाले.

"हा लालवाला पेला, हा पिवळा," मी म्हटलं, आणि लाल व पिवळी दोन्ही लेबलं त्यांच्या हातात दिली. "जेवणाच्या सुट्टीनंतर या, आणि कॅनवर कोणतं लावायचं ते तुम्हीच लावा."